गव्हाणी घुबड आणि पिंगळा : शेतावरचे दोन राखणदार



रब्बी हंगामातील उंदीर नियंत्रणावर आपल्या कार्यक्रमात बोलणे झाले, त्यानंतर श्रोत्यांची बरीच पत्रे आली. त्यातले एका भगिनीचे पत्र असे : "आमच्या जुन्या वाड्याच्या माळवदाखाली रोज रात्री कुणीतरी घोरल्यासारखा आवाज येतो. सासूबाई म्हणतात, घुबाड आहे, हाकलून द्या, घराला बरं नाही. धाकटे भाऊजी म्हणतात, घुबड नव्हे, पिंगळा आहे, पिंगळा चांगला. आम्ही कोणाचं ऐकावं?"

या पत्राचे उत्तर कार्यक्रमात दोन मिनिटांत दिले होते. परंतु विषय मोठा आहे आणि शेतीच्या हिशेबाचा आहे. म्हणून या पत्रिकेत तो सविस्तर देत आहोत. गव्हाणी घुबड आणि पिंगळा हे दोन्ही पक्षी महाराष्ट्रात बहुतेक गावांत आढळतात, दोन्ही रात्रीचे शिकारी आहेत आणि दोन्ही शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहेत. मात्र त्यांचा उपयोग एकसारखा नाही. त्यांची राहण्याची जागा वेगळी आणि त्यांना होणारा धोकाही वेगळा. हा फरक समजला, तर आपल्या शेतावर कोणासाठी काय करायचे, ते आपोआप समजते.

दिसायला भाऊबंद, पण कूळ वेगळे

गाजर आणि मुळा शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही जमिनीखाली वाढतात, दोन्ही मुळेच आपण खातो. पण गाजर हे कोथिंबिरीच्या कुळातले आणि मुळा मोहरीच्या कुळातला. तसेच या दोन पक्ष्यांचे आहे. शास्त्रज्ञांनी घुबडांची दोन कुळे मानली आहेत. एक टायटोनिडी. यात गव्हाणी घुबड येते. दुसरे स्ट्रिजिडी. यात पिंगळा, हुमा घुबड, शृंगी घुबड अशा दोनशेहून अधिक जाती येतात. म्हणजे सासूबाई ज्याला घुबड म्हणतात आणि भाऊजी ज्याला पिंगळा म्हणतात, ते नुसते मोठे-लहान नव्हेत. त्यांचे घराणेच वेगळे आहे.

तरी काही गोष्टी दोन्ही कुळांत सारख्या आहेत. दोघांचेही डोळे खोबणीत पक्के बसवलेले असतात, ते आपल्यासारखे इकडे तिकडे फिरत नाहीत. म्हणून मागचे पाहायला ते मान फिरवतात, आणि पाऊण फेऱ्याइतकी फिरवतात. माणसाच्या मानेत सात मणके असतात, घुबडाच्या मानेत चौदा. दोघांचीही पायाची बाहेरची नखी मागे वळते, त्यामुळे पकडलेली शिकार सुटत नाही. दोघेही लहान भक्ष्य सबंध गिळतात आणि न पचलेले केस, हाडे, किड्यांची कवचे यांचा गोळा करून तोंडावाटे टाकून देतात. या गोळ्याचा आपल्याला फार उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

ओळख कशी पटवावी

गव्हाणी घुबड साधारण ३५ सेंटिमीटर लांब असते. कावळ्याहून जरा लहान म्हणा. पाठ सोनेरी पिवळसर, तीवर राखाडी झाक आणि बारीक ठिपके. पोट पांढरे. चेहरा पांढराशुभ्र आणि बदामाच्या आकाराचा, जणू सफरचंद मधोमध कापून ठेवले आहे. डोळे काळे. पाय लांब. रात्री गाडीच्या दिव्यात आडवे गेले, तर सबंध पांढरेच दिसते. म्हणूनच पुष्कळ गावांत 'पांढरी बाई' किंवा भूत पाहिल्याच्या गोष्टी निघतात. ते बहुधा हेच.

पिंगळा त्याच्या मानाने चिमुकला. लांबी सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीएवढा, पण बुटका आणि गोल. रंग मातकट राखी, त्यावर पांढरे ठिपके. डोळे पिवळेजर्द, वर पांढऱ्या भुवया, गळ्याला पांढरा पट्टा. बदामी चेहरा नाही. आपण जवळ गेलो की तो आपल्याकडे टक लावून बघतो आणि डोके वर-खाली करतो. मुले म्हणतात, "पिंगळा नमस्कार करतोय." खरे म्हणजे तो आपल्यापासूनचे अंतर जोखत असतो.

घाईत ओळखायचे झाल्यास एवढेच लक्षात ठेवा : डोळे काळे, चेहरा बदामी, ते गव्हाणी. डोळे पिवळे, गळ्याला पट्टा, तो पिंगळा.

येथे एका तिसऱ्या पक्ष्याचा उल्लेख करायला हवा. पिंगळ्याचा एक जातभाई आहे, रानपिंगळा. १८८४ नंतर तो कोणाला सापडला नव्हता, संपला असेच धरून चालले होते. १९९७ साली आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या जंगलात, तो पुन्हा दिसला. त्याच्या डोक्यावर पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसतात आणि तो दिवसाही शिकार करतो. नंदुरबार, धुळे, मेळघाट भागातील बांधवांनी सागाच्या रानात असा पक्षी दिसल्यास वन खात्याला अवश्य कळवावे.

आवाज आणि वेळ

गव्हाणी घुबड 'घू घू' करीत नाही. ते किंचाळते आणि फिस्कारते. आणि पिल्ले भुकेली झाली की रात्रभर घोरल्यासारखा आवाज काढतात. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने ऐकला तो हाच आवाज असणार. म्हणजे त्यांच्या माळवदाखाली नुसते घुबड नाही, घुबडाचा संसार आहे.

पिंगळ्याचा आवाज आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तिन्हीसांजेला आणि पहाटे एक जोडपे 'चिरूर चिरूर, चिवक चिवक' असे भांडल्यासारखे सुरू करते, त्याला दुसरे साथ देते. या पक्ष्याच्या नावाचा माणूसही आपल्याकडे पहाटे दारी येत असे : हातात कंदील आणि कुडमुडे घेतलेला पिंगळा जोशी. त्याला पिंगळ्याची भाषा कळते आणि त्यावरून तो भविष्य सांगतो, अशी समजूत होती. भविष्याचे राहू द्या. पण ज्या शिवारात पिंगळा बोलतो, तेथे जुनी झाडे आणि किडे-भुंगे आहेत, एवढे अनुमान आपणही काढू शकतो.

गव्हाणी घुबड पुरते निशाचर आहे. दिवसा ते अंधाऱ्या कोपऱ्यात गपचूप बसते. उजेडात सापडले, तर कावळे त्याला सळो की पळो करून सोडतात. पिंगळा मात्र दिवसाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला दिसतो आणि सांज होण्याआधीच कामाला लागतो.

अंधारात उंदीर सापडतो कसा?

गव्हाणी घुबडाचा बदामी चेहरा शोभेचा नाही. तो सुपासारखे काम करतो. सूप जसे दाणे एका बाजूला आणते, तसा हा चेहरा आवाज गोळा करून कानाकडे नेतो. त्याचे दोन कान एका रेषेत नसतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. त्यामुळे आवाज डावीकडून आला की उजवीकडून एवढेच नव्हे, तर वरून आला की खालून, हेही त्याला कळते. अमेरिकेतील संशोधक रॉजर पेन यांनी अगदी काळोख्या खोलीत प्रयोग करून दाखवले, की गव्हाणी घुबड केवळ पाचोळ्यातल्या खसखशीवरून उंदीर अचूक पकडते. त्याच्या पंखांच्या कडेला बारीक दाते असतात आणि पिसे मऊ असतात, म्हणून उडताना फडफड होत नाही. उंदराला चाहूलच लागत नाही.

पिंगळ्याचा चेहरा इतका खोलगट नसतो. तो खांबावर, तारेवर किंवा फांदीवर बसून टेहळणी करतो आणि जमिनीवर झेप घेतो. रस्त्याच्या दिव्याखाली जमलेले किडेही तो टिपतो.

कोण काय खातो?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधू नका, आपल्या वाड्यात शोधा. घुबड बसते त्या जागेखाली केस-हाडांचे गोळे पडलेले असतात. गव्हाणीचा गोळा अंगठ्याहून जाड, काळसर आणि ताजा असताना चकचकीत असतो. तो अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, काडीने उकला. आत उंदरांच्या कवट्या, जबडे, फासळ्या सबंध मिळतात. कवट्या मोजल्या की एका गोळ्यात किती उंदीर गेले, ते कळते. मी हे शाळेच्या मुलांकडून करून घेतो, मुले फार रमतात. (काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.)

पिंगळ्याचा गोळा लहान, बोटाच्या पेराएवढा. त्यात मुख्यतः भुंग्यांची कवचे, नाकतोड्यांचे पाय, कधी पालीची किंवा लहान उंदराची हाडे दिसतात.

यावरून दोघांची कामे स्पष्ट होतात :

१) गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरावर जगते. पूर्ण वाढलेले घुबड एका रात्रीत साधारण एक-दोन उंदीर, किंवा लहान उंदीर असल्यास तीन-चार खाते. पिल्ले असताना नर-मादीला याहून पुष्कळ जास्त शिकार आणावी लागते.

२) पिंगळा मुख्यतः भुंगे, नाकतोडे, पतंग, वाळवी आणि जोडीला लहान उंदीर, पाली, विंचू खातो.

आता हिशेब करू. शेतातला मोठा उंदीर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम दाणे खातो. महिन्याला पाऊण किलो झाले. हे झाले नुसते खाणे. घूस तर ओंब्या तोडून बिळात कोठार भरते, बांध पोखरते, पाटाचे पाणी भलतीकडे नेते. आणि मादी तीन-सव्वातीन आठवड्यांत वितेही. अशा वेळी रोज रात्री फुकट पहारा करणारा गडी आपल्या शिवारात असणे ही लहान गोष्ट नाही.

पिंगळ्याचा हिशेब किलोत मांडता येत नाही. पण वळवाचा पाऊस पडला, की हुमणीचे भुंगेरे सांजेला जमिनीतून निघून कडूनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. ती वेळ आणि पिंगळ्याच्या शिकारीची वेळ एकच आहे. पिंगळा एकटा हुमणी आटोक्यात आणील, असे मी म्हणणार नाही. झाडे हलवून भुंगेरे गोळा करणे, प्रकाश सापळे लावणे हे करावेच लागते. परंतु त्या कामात तो आपला भागीदार आहे.

घर आणि वीण

गव्हाणी हे नाव 'गव्हाण' या शब्दावरून आले. गुरांच्या गव्हाणीपाशी, गोठ्यात, धान्याच्या कोठीजवळ राहणारे ते गव्हाणी. जुने वाडे, किल्ल्यांचे बुरूज, देवळांची शिखरे, विहिरीतले कोनाडे, मोठ्या ढोल्या या त्याच्या जागा. ते घरटे विणत नाही. जमिनीवर किंवा आपल्याच टाकलेल्या गोळ्यांच्या थरावर मादी चार ते सात पांढरी अंडी घालते. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात आणि पहिल्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते. महिन्याभराने पिल्ले त्याच क्रमाने फुटतात. त्यामुळे एकाच घरट्यात थोरले आणि शेंडेफळ यांत बराच फरक दिसतो. उंदीर भरपूर असले तर सगळी जगतात, टंचाई असली तर धाकटी दगावतात. पिल्ले उडायला सुमारे दोन महिने लागतात. ज्या वर्षी उंदीर जास्त, त्या वर्षी घुबडांची वीणही जास्त. म्हणजे कीड वाढली की राखणदारही वाढतात. अट एकच, की त्यांना जगू दिले पाहिजे.

पिंगळा झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात राहतो. अंडी तीन ते पाच. पिल्ले महिन्याभरात बाहेर पडतात. आंबा, चिंच, वड, बाभूळ यांची जुनी, पोकळ झालेली खोडे ही त्याची घरे. आपण मात्र "झाड पोकळ झालं, आता ठेवून काय करायचं?" म्हणून नेमके तेच पहिल्यांदा तोडतो.

माझ्या हातून झालेली चूक

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्याच नोकरीतली आहे. नवीनच रुजू झालो होतो. गव्हात उंदीर फार माजले होते. गावाने मोहीम घेतली आणि मी ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या वाटल्या. बिळे मोजा, चालू बिळे ओळखा, एवढे सांगायला हवे होते, ते घाईत नीट सांगितले नाही. लोकांनी बांधावर, पाटाच्या कडेला, दिसेल तेथे वड्या टाकल्या. आठवड्याभरात मेलेले उंदीर दिसू लागले. मला शाबासकी मिळाली.

पुढच्या आठवड्यात गावातले एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, "साहेब, जरा देवळामागं चला." तेथे एक गव्हाणी घुबड मरून पडले होते. चोचीशी रक्त होते. वर कोनाड्यात पिल्ले होती. तीन दगावली होती, एक जिवंत होते, तेही दुसऱ्या दिवशी गेले. ते आजोबा मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "माझ्या लहानपणापासून ही जोडी हितं हुती. म्हंजी हिची आई, तिची आई." मला उत्तर देता आले नाही.

त्या पक्ष्यांची तपासणी झाली नाही. तेव्हा ते विषानेच मेले, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हे विष कसे काम करते, ते मी शिकलेलो होतो. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. उंदीर ताबडतोब मरत नाही, चार-पाच ते दहा दिवस लागतात. त्या काळात तो सुस्तावतो, उघड्यावर फिरतो, आणि घुबडाला सर्वांत आधी तोच सापडतो. असे चार-सहा उंदीर खाल्ले, की विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. हे सगळे मला ठाऊक होते, आणि तरी मी वड्या वाटल्या होत्या.

पुढच्या रब्बीत उंदीर पुन्हा आले. देवळातला कोनाडा रिकामाच राहिला.

ही गोष्ट सांगण्याचा हेतू एवढाच, की माझ्या हातून झाले ते आपल्या हातून होऊ नये. माझा सल्ला पुढीलप्रमाणे आहे :

१) आधी बिनविषारी उपाय करा. बांध अरुंद ठेवा, गवत काढा, धान्य सांडू देऊ नका, काढणीनंतर खोल नांगरट करा, सापळे आणि पिंजरे लावा. शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी करा, नाहीतर उंदीर तुमच्या बांधावरून त्यांच्या बांधावर जातात, एवढेच.

२) विष वापरावेच लागले, तर संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील, तीच चालू बिळे. आमिष फक्त त्यांत, आत खोल घाला आणि तोंड बुजवा. बांधावर उघडे टाकू नका.

३) रोज सकाळी फेरी मारून मेलेले उंदीर गोळा करा आणि खोल पुरा. हातात जाड मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. कुत्रे, मांजर, कोंबड्या, मुले यांच्यासाठीही हे आवश्यक आहे.

४) जेथे घुबडाचा वावर आहे, पिल्ले आहेत, त्या भागात रक्त न गोठू देणारी विषे वापरूच नका.

५) घुबडाला सातबारा माहीत नाही. ते चार जणांच्या शेतात शिकार करते. एकाने विष टाकले, तर चौघांचा राखणदार जातो. म्हणून हा निर्णय गावाने मिळून घ्यावा.

दोघांसाठी काय करावे?

गव्हाणी घुबडासाठी : जुना गोठा, वाडा पाडताना आत घुबड आहे का पाहा. पिल्ले असतील तर दोन महिने थांबा. जागा नसेल तर लाकडी पेटी बसवा. लांबी साधारण दोन फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट, एका बाजूला सहा इंच चौरस दार. बुडाला पाणी निघायला चार भोके पाडा. पेटी पंधरा फुटांवर, दिव्याच्या झोतापासून दूर, पावसाची झड दारावर येणार नाही अशी लावा. विजेच्या खांबावर लावू नका. शेतात आठ-दहा फूट उंचीचे इंग्रजी 'टी' आकाराचे बांबूचे थांबे उभे करा. ज्वारी-गव्हात दाणे चिकात आले की दिवसा दाणे खाणारी पाखरे त्यावर बसतात, तेव्हा ते काढून घ्या.

पिंगळ्यासाठी : बांधावरची जुनी, ढोलीची झाडे तोडू नका. हाच मुख्य उपाय. पेटी लावायची झाल्यास बूड आठ इंच चौरस, उंची सव्वा फूट आणि वरच्या बाजूला तीन इंच व्यासाचे गोल भोक. भोक मोठे केले तर साळुंकीपासून मांजरापर्यंत कोणीही शिरते. उठसूट फवारणी करू नका. किडेच संपले तर पिंगळा राहील कशावर?

दोघांसाठी : शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरतो आणि बुडालेला पक्षी वर येऊ शकत नाही. काठावरून पाण्यात एक जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी सोडून ठेवा. झाडांना अडकलेला मांजा, बागेभोवतीची फाटकी जाळी काढून टाका.

पेटी लावली की घुबड आलेच, असे नाही. आसपास जोडी असेल तर कधीतरी येते, कधी वर्ष-दोन वर्षेही जातात. दुसरीकडून पकडून आणू नका, तो गुन्हा आहे. इस्रायलमध्ये १९८३ साली स्दे एलियाहू या वसाहतीच्या शेतांवर अशा पेट्यांचे काम सुरू झाले. पुढे ते देशभर पसरले आणि शेजारच्या जॉर्डनचे शेतकरीही त्यात आले. मलेशियात तेलताडाच्या बागांत उंदरांसाठी याच पेट्या वापरतात. आपल्याकडेही पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावी २०१८ साली इला फाउंडेशन या संस्थेने घुबड महोत्सव भरवला. ज्या पक्ष्याचे नाव काढले तरी लोक तोंड फिरवतात, त्याच्यासाठी एका गावात जत्रा भरली, हे सांगताना मला आनंद वाटतो.

शंका-समाधान

प्रश्न : घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नेऊन झिजवतं, आणि तो झिजेल तसा माणूस झिजतो म्हणतात. खरं का?
उत्तर : घुबडाला दगडाचे काही काम नाही. पण या समजुतीमुळे कोणी दगड मारत नसेल, तर मी तिच्याशी वाद घालणार नाही.

प्रश्न : घुबड घरावर बसलं तर अशुभ ना?
उत्तर : घुबड घरावर बसते, कारण घरात उंदीर आहेत. ज्याला अशुभ म्हणायचे, तो उंदीर. तो धान्य नासतो आणि रोगही पसरवतो.

प्रश्न : कोंबड्यांना धोका आहे का?
उत्तर : मोठ्या कोंबडीला दोघेही हात लावत नाहीत. लहान पिल्ले रात्री खुराड्यात बंद करावीत, ती मुंगूस-मांजरासाठीही करावीच लागतात.

प्रश्न : पिल्लू खाली पडले तर?
उत्तर : दूध, भात काही देऊ नका. कापडात धरून शक्य असल्यास त्याच जागी ठेवा, आई-बाप रात्री येतात. जखमी असल्यास हवेशीर खोक्यात अंधारात ठेवून वन खात्याला कळवा.

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास घुबड विकत मागणारे लोक येतात. काय करावे?
उत्तर : जादूटोण्यासाठी हा धंदा चालतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घुबड पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे. अशी माणसे आल्यास वन खात्याला किंवा पोलिसांना सांगा.

शेवटी त्या भगिनीच्या पत्राकडे येतो. ताई, तुमच्या सासूबाईंनी पक्षी बरोबर ओळखला, ते घुबडच आहे. आणि भाऊजींनी पक्षी चुकीचा ओळखला, पण सल्ला बरोबर दिला. तेव्हा दोघांचाही मान राखून एवढे करा : दोन महिने त्या माळवदाखाली दिवा लावू नका, शिडी लावून डोकावू नका. सकाळी खाली पडलेले गोळे गोळा करा, सासूबाईंसमोर पाण्यात सोडवा आणि कवट्या त्यांनाच मोजायला सांगा. किती निघाल्या, ते आम्हाला जरूर कळवा.

इतर श्रोत्यांनीही आपल्या शिवारात यांपैकी कोणता पक्षी आहे, कोठे राहतो, हे पत्राने कळवावे. आलेल्या पत्रांचा समाचार पुढील कार्यक्रमात घेऊ.

नमस्कार.

— कृषी विस्तार अधिकारी